लखोटा कोणी फोडला?

1983 साली बँकेत लागलो, तेव्हा कोकणातल्या एका शाखेत तारेने येणारे पैसे चुकते करण्याचे काम माझ्याकडे होते. तार दहा हातांतून यायची, मजकूर कोणीही वाचावा. म्हणून तिच्यात एक परवलीचा आकडा असे. रकमेचा, तारखेचा, शाखेचा असे आकडे तिजोरीतल्या गुप्त पुस्तकातून काढायचे आणि बेरीज जुळली तरच पैसे द्यायचे. एकदा ती जुळेना म्हणून मुलाच्या मनिऑर्डरीला कंटाळून तारेची वाट धरलेल्या एका म्हातारीला मी दोन दिवस ताटकळत ठेवले. त्याची टोचणी अजून आहे; पण नियम बरोबर होता, हेही अजून वाटते.

2017 साली, निवृत्तीच्या थोडे आधी, जेवणाच्या सुट्टीत मी कचेरीतल्या संगणकावर पत्नीचा तपासणी अहवाल उघडला. पत्त्याशेजारी कुलपाचे चिन्ह होते. कुलूप दिसले की किल्ली कोणाकडे आहे ते पाहावेसे वाटते, ही लिहिणाऱ्याची खोड. टिचकी मारली. पलीकडची प्रयोगशाळा खरी आहे, अशी ग्वाही देणाऱ्याचे नाव वाचले आणि घास हातातच राहिला. ते नाव आमच्याच बँकेचे होते!

संगणक विभागातल्या मुलाला फोन केला.

‘साहेब, मध्ये प्रॉक्सी आहे ना.’

‘मग हे कुलूप खोटे?’

‘कुलूप खरेच आहे, साहेब. फक्त एकाच्या जागी दोन आहेत.’

प्रॉक्सी म्हणजे आपल्या वतीने बाहेरच्या जगाशी बोलणारा मधला संगणक. कुलूपबंद संभाषण त्याच्याकडे आले की तो दोन प्रकारे वागू शकतो. पहिला प्रकार सरळ. ब्राउझर त्याला सांगतो, ‘अमुक ठिकाणी जोडून दे.’ तो जोडून देतो आणि पुढे नुसता हमाल होतो. लखोट्यावरचा पत्ता त्याला कळतो, आतले अक्षरही नाही. दुसऱ्या प्रकारात तो लखोटा फोडतो, वाचतो, पुन्हा बंद करून पुढे धाडतो. त्यासाठी प्रयोगशाळेच्या नावाचे प्रमाणपत्र तो स्वतःच जागच्या जागी तयार करतो. आपला संगणक ते मुकाट्याने मानतो, कारण प्रॉक्सीची मोहोर विश्वासू म्हणून त्यात आधीच घालून ठेवलेली असते. आणि पलीकडची प्रयोगशाळा खरी की तोतया, हे आता आपला ब्राउझर पाहतच नाही. प्रॉक्सीने नीट पाहिले असेल तर पाहिले!

बँकेची अडचण मला समजते. विषाणूही कुलूपबंदच येतो, आणि दाराशी बसवलेल्या रखवालदाराला लखोट्यातले दिसणार कसे? रुग्णालये, इतर बँका यांचे टपाल न फोडण्याची यादीही होती. त्या छोट्या प्रयोगशाळेचे नाव तेवढे तिच्यात नव्हते. तपासणीला संमती देणाऱ्या कागदावर मी कधीकाळी सहीही केली होती. न वाचता सही करू नका, असे खातेदारांना बजावण्यात ज्याचा जन्म गेला, त्याने!

कचेरीचे एक वेळ ठीक. 2019 च्या जुलैत कझाकस्तानात सरकारी मोहोर आपापल्या यंत्रात घालून घ्या, असे इंटरनेट कंपन्यांनी थेट नागरिकांना सांगितले. घालून घेणाऱ्यांचे टपाल वाटेत उघडता येत होते. ऑगस्टमध्ये गूगल, मोझिला आणि ॲपल यांनी आपल्या ब्राउझरांत ती मोहोर बाद केली. तिथे नोकरी सोडून जाण्याचीही सोय नव्हती, कारण मधला माणूस देशाच्या वेशीवरच बसवलेला.

आमच्या आवक टपालाच्या कारकुनाला ‘खासगी’ लिहिलेला लखोटा न फोडता नोंदवायची शिस्त होती. प्रयोगशाळेचे नाव यादीत घालावे म्हणून मी अर्ज केला. ‘कारण’ या रकान्यात तोच एक शब्द लिहिला. मंजुरी आली आठ दिवसांनी. तोवर दुसरा अहवाल मी स्वतः जाऊन, बंद पाकिटातून घेऊन आलो होतो.