माइकवरील एकट्याचे वतन

हिंदुस्थानातील पहिले क्रिकेट-समालोचन म्हणून ज्याचा दाखला दिला जातो, ते १९३४ साली मुंबईच्या एस्प्लनेड मैदानावरील पारशी विरुद्ध मुसलमान या चौरंगी स्पर्धेतील सामन्याचे वर्णन ज्यांच्या मुखातून रेडिओवर उमटले, ते ए. एफ. एस. तथा बॉबी तल्यारखान हे आमच्या मते या पेशाचे आद्य वतनदारच होत. वतनदार अशासाठी, की माइकवर दुसरा हिस्सेदार त्यांना मुळीच मंजूर नसे. उपाहार आणि चहापान यांचा अवकाश वगळता गोलंदाजाची धाव, क्षेत्ररक्षकांची फेरमांडणी, गॅलरीतील गलका, हे सारे ते दिवसभर इंग्रजीतून एकट्याने कथन करीत. (प्रस्तुत लेखकाने गल्लीतील सामन्यात हा पराक्रम एकदा करून पाहिला, तिसऱ्याच षटकात घसा कोरडा पडला आणि धावसंख्या चुकली ती निराळीच!) पुढे १९४८-४९ साली वेस्ट इंडीजचा संघ आला असता ऑल इंडिया रेडिओने तिघा समालोचकांची योजना मुक्रर केली, तेव्हा या गृहस्थांनी माइकच सोडला. हट्ट खरा, परंतु सामन्याची कथा एकाच कंठातून ऐकताना लाभणारी सलगता वारंवार आवाज बदलला की तुटते, हे जाणणाऱ्यास त्या हट्टाला निव्वळ अहंकार म्हणवत नाही. वृत्तपत्रांतील त्यांची लेखणी मात्र पुढेही चालूच राहिली.