एक चुकलेले वळण

शर्यत संपली होती. दोन्ही हात उंचावून तो तरुण बर्फावरून सावकाश घसरत चालला होता. गॅलरीत नारिंगी कपडे घालून बसलेले त्याचे देशबांधव जल्लोष करीत होते. घड्याळाने कौल दिला होता : पहिला! आणि तोही थोडाथोडका नव्हे, चांगला चार सेकंदांनी पहिला!

इतक्यात त्याचा गुरू जवळ आला. चेहऱ्यावर आनंदाचा मागमूस नाही. त्याने काहीतरी सांगितले मात्र, त्या तरुणाने डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि संतापाने भिरकावून दिला. हातातोंडाशी आलेला घास गेला होता. आणि तो गेला होता गुरूने दाखवलेल्या वाटेने गेल्यामुळे!

ही गोष्ट २३ फेब्रुवारी २०१० ची. कॅनडातल्या व्हँकूवरचे हिवाळी ऑलिंपिक सामने चालू होते आणि शेजारच्या रिचमंड येथील क्रीडागृहात १०,००० मीटर स्पीड स्केटिंगची शर्यत होती. तरुणाचे नाव स्वेन क्रामर, वय तेवीस, देश हॉलंड. गुरूचे नाव गेरार्ड केमकर्स.

हा खेळ म्हणजे हॉलंडचा जीव की प्राण. थंडीत कालवे गोठले की लहानथोर पायांत पोलादी पात्यांचे बूट चढवून बाहेर पडतात. क्रामरला तर त्याचे बाळकडूच मिळालेले. त्याचे वडील येप क्रामर हेही ऑलिंपिकमध्ये उतरलेले स्केटिंगपटू. केमकर्सही काही कोरडा उपदेशक नव्हे. १९८८ साली कॅलगरीच्या ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटरचे कांस्यपदक त्याने स्वतः मिळवले होते.

आपल्या पाहण्यात ही शर्यत क्वचितच येते, म्हणून तिची रीत आधी सांगितली पाहिजे. ४०० मीटर घेराचे लांबट रिंगण, त्यावर दोन पट्टे : एक आतला, एक बाहेरचा. एका वेळी दोघेच धावतात. पण खरी झुंज असते घड्याळाशी. सगळ्या जोड्या धावून झाल्या की ज्याची वेळ सर्वांत कमी तो विजयी. आतल्या पट्ट्याचे वळण आखूड, बाहेरच्याचे लांब. कोणावर अन्याय होऊ नये म्हणून दर फेरीत एका ठरलेल्या सरळ भागात दोघांनी आपापले पट्टे बदलायचे. नियम इतका साधा की पोरालाही कळावा.

पण १०,००० मीटर म्हणजे पंचवीस फेऱ्या! कमरेत वाकून, ताशी पंचेचाळीस किलोमीटरहून अधिक वेगाने, जवळजवळ तेरा मिनिटे धावायचे. मांड्या पेटलेल्या, छाती भात्यासारखी हलत असलेली. अशा वेळी शिष्याने धावावे आणि हिशेब गुरूने ठेवावा, अशी वाटणी असते. गुरू कडेला उभा राहून प्रत्येक फेरीची वेळ फलकावर दाखवतो, ओरडून सूचना देतो.

क्रामर त्या वेळी या अंतराचा अनभिषिक्त राजा होता. दहाच दिवसांपूर्वी त्याने ५,००० मीटरचे सुवर्णपदक जिंकले होते. दक्षिण कोरियाच्या ली सुंग-हूनने मात्र १२ मिनिटे ५८.५५ सेकंदांची उत्तम वेळ नोंदवून ठेवली होती. क्रामर शेवटच्या जोडीत, रशियाच्या इवान स्कोब्रेवबरोबर उतरला. फेरीमागून फेरी तो लीच्या वेळेला मागे टाकत गेला. आता सुवर्णपदक त्याच्याकडून कोण हिरावून घेणार?

आठ फेऱ्या उरल्या होत्या. आतले वळण संपवून क्रामर पट्टा बदलण्याच्या जागी आला आणि बाहेरच्या पट्ट्याकडे निघाला. अगदी बरोबर निघाला होता! पण त्याच क्षणी केमकर्सचा हिशेब चुकला. त्याला वाटले, शिष्यच चुकतो आहे. तो हात करून ओरडला : आत! आत!

विचार करायला सवड होती ती डोळ्याचे पाते लवेपर्यंत. स्वतःवर विश्वास ठेवावा की गुरूवर? क्रामरने अगदी वळणाच्या तोंडाशी अंग वळवले आणि तो आत शिरला. लागोपाठ दुसऱ्यांदा आतले वळण! शर्यत तेथेच संपली. पण हे ठाऊक नसलेला क्रामर आणखी आठ फेऱ्या जिवाच्या आकांताने धावला. १२ मिनिटे ५४.५० सेकंद! वेळ सर्वांत कमी, आणि निकाल : शर्यतीतून बाद.

दैवाची थट्टा पाहा. आतल्या वळणाने अंतर वाचते ते सुमारे बारा मीटर, म्हणजे त्या वेगात जेमतेम एक सेकंद. क्रामर पुढे होता चार सेकंदांनी. लांबच्या वळणाने गेला असता तरी तोच जिंकला असता!

सुवर्णपदक लीला मिळाले. तो मुळात आखूड रिंगणाचा खेळाडू. तेथे संघात जागा मिळाली नाही म्हणून लांब रिंगणाकडे वळलेला. स्कोब्रेव दुसरा आणि हॉलंडचाच बॉब दे योंग तिसरा आला. या दोघांनी विजयमंचावर लीला खांद्यावर उचलून घेतले.

आणि गुरुशिष्यांचे काय झाले? केमकर्सने चूक आपलीच म्हणून उघड कबूल केले. क्रामरनेही पहिल्या संतापात काही लपवले नाही : मी बाहेरच निघालो होतो, त्यांनी मला आत बोलावले. साऱ्या हॉलंडला वाटले, आता ही जोडी फुटणार. पण राग निवल्यावर क्रामरने जाहीर केले की आपण केमकर्सला सोडणार नाही. एका चुकीसाठी इतक्या वर्षांचा ऋणानुबंध तोडायचा नाही, हा त्याचा निर्णय होता.

चार वर्षांनी, २०१४ साली, रशियातल्या सोची येथे क्रामरने ५,००० मीटरचे सुवर्णपदक पुन्हा जिंकले. तेव्हा कडेला फलक घेऊन उभा होता तोच केमकर्स! २०१८ साली त्याने ते तिसऱ्यांदा जिंकले. १०,००० मीटरचे सुवर्णपदक मात्र त्याच्या नशिबी नव्हते. २०१४ साली तो दुसरा आला, २०१८ साली सहावा आणि २०२२ साली त्याने निवृत्ती घेतली.

एका ओरडण्याने गेलेले ते पदक पुन्हा कधीच हाती आले नाही. ते येणार नाही हे २०१० साली क्रामरला ठाऊक नव्हते, पण ते गेले आहे आणि कोणामुळे गेले आहे, हे पक्के ठाऊक होते. ते ठाऊक असूनही दुसऱ्या मोसमाला तो त्याच माणसाच्या हाकेवर धावायला तयार झाला. बर्फावरच्या पंचवीस फेऱ्यांहून ही एक फेरी खचितच अवघड होती.