कंसातले आजोबा

कर्जत तालुक्यातली जमीन विकायची झाली, की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर ‘तमाम लोकांस कळविण्यात येते’ अशी जाहीर नोटीस येते. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाल्यापासून कर्जत-खालापूरची जमीन मुंबईकरांच्या नजरेत भरली. फार्महाऊसचे प्लॉट पडले आणि वकिलांच्या सर्च रिपोर्टांचा धंदा तेजीत आला. निदान तीस वर्षांचे व्यवहार चाळून निघालेल्या या अहवालांत एक इंग्रजी शब्दजोड हमखास सापडते : प्रेडिसेसर इन टायटल, म्हणजे आजच्या मालकाच्या आधी त्या जमिनीवर ज्याचा हक्क होता तो. तो मालकाचा बाप असेल, गावचा सावकार असेल, नाहीतर एखादी कंपनीही असेल. रक्ताचं नातं असलंच पाहिजे असं नाही.

इंग्रजांनी हा शब्द लॅटिनमधून घेतला. पद सोडून गेलेला अधिकारी तो ‘डिसेसर’, आणि ‘प्री’ म्हणजे आधीचा. शब्दाचं मूळ असं खुर्चीत आहे. ‘अँसेस्टर’चा अर्थ पुढे चालून गेलेला. ‘फोअरबेअर’ त्यांच्या घरगुती बोलीतला, निव्वळ ‘आपल्याआधी होऊन गेलेला’ एवढाच. आपल्याकडेही वाटण्या चोख आहेत. नवा तहसीलदार जुन्याला पूर्वाधिकारी म्हणतो, लेखक पूर्वसूरींचं ऋण मानतो, भाद्रपदात पितरांना पान वाढलं जातं, गप्पांत आजे-पणजे येतात आणि बांधावरच्या भांडणात बापजादे काढले जातात. यांची गल्लत घरी कुणी करत नाही. ती होते सरकारी फॉर्मवर. तिथे रक्ताचा पूर्वज, जमिनीचा आधीचा धनी आणि दप्तरात नाव लागलेला माणूस हे तिघे एकच आहेत असं धरून रकाने आखलेले असतात. कर्जत-खालापूरच्या वाड्यावस्त्यांवर हे तिघे क्वचितच एक असतात.

पूर्वज म्हणजे बापच, ही समजूत या तालुक्यात तरी पहिल्यापासूनची नाही. राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाणे लेणं आहे. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागात एका भग्न यक्षमूर्तीच्या डोक्याशेजारी ब्राह्मी लिपीत एक ओळ कोरली आहे. कण्हाचा अंतेवासी बलक याने हे केलं, एवढाच मजकूर. काळ ख्रिस्तपूर्व. या भागातल्या जुन्यात जुन्या लेखांत मोडणारा हा लेख, आणि त्यात बलकाने आपली ओळख सांगताना बापाचं नाव घेतलेलं नाही, गाव नाही, कुळ नाही. घेतलं ते गुरूचं. आज बलक दाखल्यासाठी सेतू केंद्रात गेला असता तर अर्ज अपुरा म्हणून परत आला असता.

कागदाचा मोठा भाग त्यानंतर दोन हजार वर्षांनी आला. इंग्रजी अमलात मोजणी झाली, सारा ठरला, नावं लागली. कोणाची लागली? सारा भरणाऱ्याची. चार भावांचं एकत्र कुटुंब असेल तर थोरल्याचं नाव, आणि त्यापुढे ‘ए.कु.मॅ.’ अशी तीन अक्षरं : एकत्र कुटुंब मॅनेजर. आपल्या सातबाऱ्यात इंग्रजी मॅनेजर असा कायमचा बसलेला आहे. थोरल्याच्या मुलांची वारसनोंद झाली, धाकट्यांची राहून गेली, की धाकट्यांच्या नातवांना पन्नास वर्षांनी सिद्ध करावं लागतं, की मॅनेजर हा मालक नव्हता आणि आपलाही आजोबा याच घरात जेवत होता. खातेदार मेला की हस्तलिखित सातबाऱ्यात त्याच्या नावाला कंस पडे. शेजारी फेरफाराचा क्रमांक येई आणि खाली वारसांची नावं. मेलेल्या माणसाची याहून कोरडी नोंद मला तरी ठाऊक नाही. पण त्या कंसात जायला मिळणं हीसुद्धा चैन होती, कारण त्यासाठी आधी नाव लागलेलं असावं लागे. बायकांची नावं तर कंसातही फारशी सापडत नाहीत. महाराष्ट्राने १९९४ साली आणि केंद्राने २००५ साली मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांइतका वाटा दिला. पाठोपाठ हक्कसोडपत्रांवर बहिणींचे अंगठे आणि सह्या घेण्याची घाईही आली.

कागद असला तरी तो शोधायचा कुठे, ही वेगळी कथा. १८८२ साली ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर निघालं तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होता. पुढे तो कुलाबा जिल्ह्यात गेला आणि १९८१ पासून कुलाब्याचं नाव रायगड झालं. पणजोबाने गाव सोडलं नाही, पण त्याचा, आजोबाचा आणि नातवाचा जिल्हा वेगवेगळा. दप्तर बघणाऱ्याला ही गोष्ट माहीत नसली, की ‘मूळचे कुठले?’ हा प्रश्न येतोच.

ठाकर समाजाच्या वाट्याला हा प्रश्न जितका आला तितका क्वचितच कुणाच्या आला असेल. अनुसूचित जमातींचा राष्ट्रपतींचा आदेश ६ सप्टेंबर १९५० चा. १९५६ च्या दुरुस्त यादीत ठाकूर, ठाकर, क-ठाकूर, म-ठाकूर या नोंदीपुढे तालुक्यांची मर्यादा होती आणि त्या तालुक्यांत कर्जत आणि खालापूर होते. म्हणजे इथला ठाकर जमातीत, आणि त्याच नावाचा माणूस यादीबाहेरच्या तालुक्यात राहात असेल तर जमातीबाहेर. हे अन्यायाचंच होतं, कारण डोंगर तालुक्याच्या हद्दीवर संपत नाहीत. १९७६ च्या कायद्याने ही क्षेत्रमर्यादा उठवली आणि राज्यभर कुठेही राहणाऱ्या ठाकूर जमातीला सवलत खुली झाली. पण ठाकूर हे आडनाव बिगर-आदिवासी जातींतही आहे. दावे वाढले, तसा संशयही वाढला.

१९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने माधुरी पाटील खटल्यात जमातीच्या दाखल्यांच्या तपासणीची पद्धत घालून दिली. तो दावा महादेव कोळी जमातीचा होता, आणि हीसुद्धा कर्जतच्या डोंगरपट्ट्यात नांदणारी जमात. पुढे राज्याने त्यासाठी कायदा केला आणि तो ऑक्टोबर २००१ मध्ये लागू झाला. तपासणी समिती, तिचं दक्षता पथक आणि पथकातला संशोधन अधिकारी ही सगळी रचना त्यातली. पथक दोन गोष्टी पाहतं. एक, बापाकडच्या नातलगांचे जुने कागद : शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, जन्ममृत्यूची गाव नमुना १४ ची नक्कल, जिला बोलीभाषेत कोतवाल बुक म्हणतात. १९५० पूर्वीचा कागद असेल तर सोन्याहून पिवळा. दोन, आप्तभावाची चाचणी : बोली कोणती, दैवतं कोणती, लग्न कसं लागतं, मयताचं काय करता, पूर्वज मूळ कुठून आले.

आता गोम अशी, की या दोन कसोट्या वेगवेगळ्या माणसांना उतरतात. ज्याच्या आजोबाने १९४५ साली शाळेत नाव घातलं तो तेव्हाच वाडी सोडून गावात आलेला. कागद चोख, पण नातवाला ना बोली येते ना देवाचं नाव. उलट जो वाडीवरच राहिला त्याला सगळं येतं, पण त्याच्या आजोबाने शाळेची पायरी चढलेली नसते. आणि अधिकाऱ्याने उत्तर ताडायचं कशाशी? एल. एन. चापेकरांचं सह्याद्रीतल्या ठाकुरांवरचं इंग्रजी पुस्तक १९६० साली निघालं. असे ग्रंथ मोलाचे आहेत, पण ते त्या काळातल्या माणसांचं वर्णन करतात. साठ वर्षांनी नातवाने त्याच पानातून उठून आल्यासारखं वागावं, ही अपेक्षा गमतीची. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने एका ठाकूर जमात संघटनेच्याच प्रकरणात स्पष्ट केलं, की ही आप्तभाव चाचणी अंतिम कसोटी नव्हे. समाधानकारक कागद असतील तर प्रत्येक वेळी दक्षता पथकाकडे धाव घ्यायचीही गरज नाही. सुशिक्षित अर्जदाराला यातून दिलासा मिळाला. वाडीवरच्या कागद नसलेल्याला मात्र फारसं काही मिळालं नाही, हे माझं मत.

निकालानंतर चार महिन्यांच्या आत, १९ जुलै २०२३ च्या रात्री, खालापूर तालुक्यातल्या इर्शाळगडाखालची ठाकरांची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. ५७ जण सापडलेच नाहीत आणि २३ जुलैला शोध थांबवण्यात आला. घरांबरोबर पेटीतले दाखले, रेशनकार्डं, पासबुकं गाडली गेली. एरवी बेपत्ता माणूस सात वर्षं कुणाच्या ऐकिवात आला नाही तरच कायदा तो मेल्याचं मानतो. इथे तशी वाट पाहण्यात अर्थ नव्हता, म्हणून सापडले नाहीत त्यांनाही मृत धरलं गेलं. वारस म्हणून उभं राहायचं तर आधी कुणाचे, हे सांगणारा कागद लागतो, आणि तो डोंगराच्या पोटात.

कातकऱ्यांची तऱ्हा आणखी निराळी. खैरापासून कात काढणं हा या जमातीचा जुना धंदा. नावही त्यावरूनच पडलं, असं सांगतात. १८७८ च्या वन कायद्यानंतर खैर राखीव जंगलात गेला आणि कात काढणं गुन्ह्यात जमा होऊ लागलं. मग लाकूडतोड, कोळसा भट्टी, वीटभट्टी, लोकांच्या शेतावरची गडीगिरी. जमीनदाराने मजूर हाताशी असावेत म्हणून आपल्या जागेत झोपड्या बांधू दिल्या, त्यांच्या वाड्या झाल्या. तीन-चार पिढ्या तिथेच जन्मल्या नि वारल्या, पण सातबारा जमीनदाराच्या नावावर. डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचं कातकऱ्यांच्या गावठाणहक्कावरचं पुस्तक २०१३ साली आलं. रायगड-ठाण्यातल्या अशाच वाड्यांची कहाणी त्यात आहे. जमिनीला भाव आला तशी ही घरं ‘अडथळा’ ठरू लागली. सर्च रिपोर्टात प्रेडिसेसर म्हणून सगळे मालक येतात. घराच्या ओट्यावर बसलेला म्हातारा कुठेच येत नाही.

ठाकर-कातकऱ्यांना इंग्रजांनी डोंगरउतारावर नाचणी-वरीसाठी दळीच्या जमिनी दिल्या होत्या. नाव लागे ते प्रमुखाचं, कसायचे अनेक. म्हणजे इथेही ए.कु.मॅ.चाच घोळ, फक्त जंगल खात्याच्या दप्तरातला. आणि बाकीच्यांची सरकारी नोंद? ती बहुतेक वेळा गुन्हेगार म्हणून झाली. जंगलात नांगर घातला, दंड झाला, पावती मिळाली. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर वाड्यावाड्यांतून दावे भरले गेले तेव्हा या दंडाच्या पावत्या कसवणुकीचा पुरावा म्हणून बाहेर निघाल्या. बापाला झालेली शिक्षा पोराचा दस्तऐवज झाली.

हा कायदा मात्र पूर्वजांच्या बाबतीत बाकी कायद्यांहून शहाणा आहे, आणि ते मोकळेपणाने म्हटलं पाहिजे. त्याच्या उद्देशिकेतच पूर्वजांच्या भूमीवरचे हक्क नोंदले गेले नाहीत, हा ऐतिहासिक अन्याय असल्याची कबुली आहे. त्याच्या नियम १३ मध्ये पुराव्यांची यादी आहे. गॅझेटियर, नकाशे, कोर्टाचे निकाल तर चालतातच. शिवाय जुन्या विहिरी, दफनभूमी, देवस्थानं चालतात. जुन्या नोंदीतल्या माणसापर्यंत पोचणारी वंशावळ चालते. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांनी सांगितलेली आणि लिहून घेतलेली माहितीही चालते. हक्कपत्र नवरा-बायको दोघांच्या नावे काढायचं, हेही या कायद्यातच. म्हणजे पुढच्या पिढीला निदान आजीचं नाव कागदावर सापडेल.

तरीही हे शहाणपण अर्ध्या वाटेवर थांबतं. अनुसूचित जमातीच्या माणसाला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवला की पुरतं. जंगलात राहणाऱ्या इतरांना त्या तारखेआधीच्या तीन पिढ्या दाखवाव्या लागतात, आणि एक पिढी म्हणजे २५ वर्षं असं कायदा धरतो. कर्जत-खालापूरच्या उतारांवर धनगरवाडे आहेत. खालच्या ठाकरवाडीशी त्यांचा दूधदुभत्याचा, अडीनडीचा व्यवहार पिढ्यांचा. पण धनगर महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत नाहीत, म्हणून त्यांना डिसेंबर १९३० पर्यंत मागे जावं लागतं. गुरांमागे फिरणाऱ्या माणसाचा १९३० चा कागद असणार कुठून? राहिला वडीलधाऱ्यांचा जबाब. तेव्हाचं डोळ्यांनी पाहिलेला माणूस आज शंभरीच्या घरात हवा. त्याने पाहिलेलं ज्यांनी त्याच्या तोंडून ऐकलं ते मात्र अजून आहेत, साठीचे, सत्तरीचे. वनहक्क समितीने त्यांना ग्रामसभेत बसवून, कोणती विहीर कोणी खणली, कोणत्या झाडाखाली कोणाला पुरलं, हे तारीख घालून आणि सह्या घेऊन लिहून काढलं तर नियमात ते बसतं. काही वाड्यांनी वंशावळीचे तक्ते केलेत ते नेहमीसारखे बापाकडून खाली येणारे. त्यात सासरी गेलेल्या आत्यांची घरं जोडली, तर शेजारच्या वाडीतले साक्षीदारही आपोआप मिळतात.