मूर्ती लहान, धावपळ महान!

एचएमव्हीच्या रेकॉर्डवरचा, ग्रामोफोनच्या कर्ण्यापाशी कान देऊन बसलेला कुत्रा आठवतोय? तो निपर. जन्म १८८४चा, इंग्लंडातल्या ब्रिस्टलचा, अंगात टेरिअरचं रक्त. त्याच्याच नात्यातला जॅक रसेल टेरिअर. पांढरं अंग, तपकिरी ठिपके, उंची जेमतेम फूटभर. फ्लॅटसाठी एकदम परफेक्ट, नाही? मलाही तसंच वाटलं. पण म्हटलं, घरी आणण्याआधी साहेबांचं खानदान तर बघू!

खानदान शिकारी

‘टेरा’ म्हणजे जमीन. या लॅटिन शब्दावरून टेरिअर आला. जॉन रसेल हा शिकारीचा नादी पाद्री. १८१९मध्ये ऑक्सफर्डला शिकताना त्यानं एका दूधवाल्याकडून ‘ट्रम्प’ नावाची कुत्री घेतली. ही जात तिच्यापासून सुरू झाली, असं मानतात. काम एकच. बिळात घुसून, भुंकून भुंकून कोल्ह्याला बाहेर हुसकायचं. बिळात हुकूम द्यायला मालक नसतो, त्यामुळे निर्णय आपले आपणच घ्यायचे! आज कोल्हा नाही, बीळ नाही. सवयी मात्र त्याच. कुंड्या उकरणार, बेल वाजली की बिल्डिंग डोक्यावर घेणार.

तात्यांचा बिनतोड सवाल

मी मूळचा कोरेगावचा. फोनवर तात्यांना हा बेत सांगितला, तर म्हणाले, ‘‘आन् तू हापिसात गेल्यावर दिसभर त्येनं करायचं काय?’’ आमच्याकडे कुत्रं वस्तीवर राखणीला असतं, बांधावरून हुंदडतं. साताऱ्याहून कोरेगावला येताना माहुली लागते. तिथे शिवरायांचे नातू छत्रपती शाहू महाराज यांच्या खंड्या कुत्र्याची समाधी आहे. वाघाच्या शिकारीत त्यानं महाराजांचा जीव वाचवला. त्याला जहागीर आणि पालखीचा मान मिळाल्याचं ग्रँट डफनं नोंदवलंय. म्हणजे पालखी मिळाली, तीही कामाच्या जोरावर!

घ्यायचाच असेल तर...

रोज किमान तासभर पळणं, डोक्याला खुराक देणारे खेळ आणि पिल्लू असल्यापासून शिस्त, हे हवंच. आयुष्य तेरा-चौदा वर्षांचं, कधी त्याहून जास्त. तेवढ्यात तुमच्या तीन नोकऱ्या बदलतील, त्याचा मालक बदलायला नको.

माझं ऑफिस दहा तासांचं, घरी दुसरं कुणी नाही. त्यामुळे मी तूर्त थांबलोय. तुमच्या घरी दिवसभर माणसं असतील, पहाटे पळायची हौस असेल, तर बिनधास्त आणा. कंटाळा म्हणजे काय, हे विसरून जाल!