अंगणातली घाण आणि घरातले लहान कुत्रे

"दूध देते, पोळी देते, काही म्हणजे काही कमी करत नाही, तरी मेलं अंगणात जाऊन घाणीतच तोंड घालतं!" कुत्रे पाळणाऱ्या घरातून ही तक्रार हमखास ऐकू येते. पाहुण्यांसमोर असे घडले की घरातली माणसे ओशाळतात, शेजारी हसतात आणि कुत्र्याच्या पाठीत चप्पल बसते. पण तेच कुत्रे दहा मिनिटांनी घरात येऊन रांगत्या बाळाचे तोंड चाटते, हे मात्र कोणाच्या ध्यानात राहत नाही. भगिनींनो, म्हणूनच हा विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

आपल्या पुष्कळ वस्त्या गावाच्या किंवा शहराच्या अगदी कडेला आहेत. चंद्रपूर, बल्लारपूर, भंडारा, गोंदिया या भागात घरामागे नाला आणि नाल्यापलीकडे झुडपी जंगल. मुंबईतही भांडुप, मुलुंड, बोरिवलीच्या डोंगराकडच्या चाळींना राष्ट्रीय उद्यानाची हद्द लागून आहे. रात्री उदमांजर भिंतीवरून जाते, घुशी मोरीजवळ माती उकरतात, दिवसा अंगणात मुंगूस फिरते, वानरांची टोळी झाडावर येते. प्रत्येकजण आपली खूण मागे ठेवून जातो. उदमांजराच्या विष्ठेत फळांच्या बिया दिसतात, घुशीच्या लेंड्या उंदराच्या लेंड्यांपेक्षा मोठ्या असतात. मोठ्या विष्ठेत केस आणि हाडांचे तुकडे दिसले, तर बिबट्याची शंका घ्यावी. वनरक्षकाला कळवावे आणि रात्री कुत्रे घरातच ठेवावे. लहान कुत्रे म्हणजे बिबट्याचा सोपा घास.

कुत्रे हे खाते तरी का? आपल्याला जी दुर्गंधी वाटते, तो त्याच्या नाकाला अन्नाचा वास असतो. जनावराच्या पोटात न पचलेला अंश विष्ठेत उरतो आणि कुत्र्याची जात मुळातच पडलेले-सापडलेले खाऊन जगलेली. पिल्लू तर जग तोंडानेच ओळखते. त्यात दिवसभर साखळीला बांधलेले, कंटाळलेले किंवा अर्धपोटी कुत्रे असेल तर सवय लवकर जडते. पोटात जंत असले की भूकही वाढते. नुसत्या दूध-पोळीवर त्याचे भागत नाही. दिवसातून दोनदा ठरलेल्या वेळी खाणे द्यावे, त्यात उकडलेले अंडे किंवा हाड काढलेले मटणाचे तुकडे असावेत. मोठे झालेले कुत्रे एकाएकी असे वागू लागले, त्याची भूक वाढूनही ते वाळत चालले, तर तो आजार असू शकतो. पशुवैद्याला दाखवावे.

सशाच्या कोरड्या लेंड्या खाल्ल्याने फारसे बिघडत नाही. फार तर जुलाब होतात. मांसाहारी जनावरांच्या विष्ठेचे तसे नाही. तिच्यात जंतांची अंडी असतात. आपण ज्याला पामेरियन म्हणतो त्या पाच-सात किलोच्या कुत्र्याला ती बाधा लवकर जाणवते. पोट नगाऱ्यासारखे फुगते, शौचातून रक्त जाते, हिरड्या पांढऱ्याफटक पडतात. हिरड्या पांढऱ्या दिसल्या तर उद्यावर ढकलू नये, पिल्लू दगावते.

पुढची गोष्ट पोरांची. कुत्र्याच्या पोटात जंत झाले की अंगणातल्या त्याच्या शौचातून अंडी मातीत पडतात. पोर मातीत खेळते, तेच हात तोंडात घालते. कुत्र्याच्या गोल जंतांची अळी माणसाच्या शरीरात भटकते, यकृतात जाते, फुप्फुसात जाते, क्वचित डोळ्यात शिरून दृष्टी बिघडवते. आकडे-जंताची अळी तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत घुसते. घाबरून कुत्रे हाकलण्याचे मात्र कारण नाही, कारण इथेच उपायाची किल्ली आहे. गोल जंतांची अंडी ताजी असताना बाधत नाहीत, मातीत साधारण दोन-चार आठवडे पडून राहिल्यावर ती बाधणारी होतात. म्हणजे विष्ठा रोजच्या रोज उचलली तर ती अंडी मातीत मुरतच नाहीत. एकदा मुरली की महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे जगतात. मग फिनाईलच्या बाटल्या ओतून काही होत नाही. उलट फिनाईलने कुत्र्याचे पाय आणि जीभ भाजते.

तेव्हा कुत्रे सोडण्याआधी सकाळी अंगणाची एक फेरी मारावी. पत्र्याच्या तुकड्याने किंवा पिशवी हातात घालून विष्ठा उचलावी, कुत्र्याची आणि जंगली जनावराची दोन्ही. विहिरीपासून आणि भाजीच्या वाफ्यापासून दूर हातभर खोल पुरावी, मग साबणाने हात धुवावेत. हे काम कोणी करायचे, यावरून घरोघरी कुरबुर होते आणि शेवटी ते सुनेच्या गळ्यात पडते. दुसऱ्यांची घाण उपसण्याचे काम पिढ्यान्पिढ्या ज्या समाजावर लादले गेले, त्या समाजातल्या पुरुषांनी तरी ते आपल्या घरातल्या बाईवर लादू नये. कुत्रे हौसेने आणले ते बहुधा घरातल्या मुलाने. मग पत्रा त्याच्या हातात द्यावा.

आता मारण्याविषयी. विष्ठेत नाक घासणे, चप्पल फेकणे, तिखट टाकून ठेवणे, असे उपाय सर्रास होतात. यातला एकही उपयोगी नाही. आपण ओरडत धावलो की कुत्र्याला वाटते, हा माझा घास हिसकावणार, म्हणून ते अधिक घाईने गिळते. बाबासाहेबांना कुत्र्यांचा मोठा लळा होता, आणि पंचशीलातले पहिले शील तर आपण दर पौर्णिमेला म्हणतोच. मुक्या जीवाला मारून वर शील म्हणणे शोभत नाही. त्याऐवजी "सोड" हा एक शब्द शिकवावा. आधी घरात, हातातल्या साध्या भाकरीच्या तुकड्यावर. तोंड बाजूला घेतले की लगेच अंड्याचा तुकडा द्यावा. रोज पाच मिनिटे, दोन-तीन आठवडे. मग अंगणात दोरी लावून तोच धडा. सगळ्या घराने शब्द एकच वापरावा. आजी "हाड" म्हणणार, नातू "नो" म्हणणार, तर कुत्रे काय समजणार? फारच हट्टी असेल तर तोंडाला जाळी मिळते. धापा टाकता येतील, पाणी पिता येईल अशीच घ्यावी आणि अंगणातल्या फेरीपुरतीच घालावी.

जनावरे अंगणात येतात ती आपल्या खरकट्यासाठी, गळालेल्या पपई-जांभळांसाठी, कोंबड्यांसाठी. रात्री खरकटे उघड्यावर टाकू नये, खुराडे नीट बंद करावे, घुशीची बिळे विटांचे तुकडे व सिमेंट घालून बुजवावीत. विष मात्र ठेवू नये. पहिला बळी आपलेच कुत्रे ठरते. शिवाय मुंगूस, उदमांजर यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. विष्ठा खाऊन पिसाळी होत नाही, पण मुंगूस कुत्र्याला चावले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

औषधाचे वेळापत्रक भिंतीवर लिहून ठेवावे. पिल्लू दोन आठवड्यांचे झाल्यापासून तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी जंताचे औषध, सहा महिन्यांपर्यंत महिन्यातून एकदा, पुढे दर तीन महिन्यांनी. पिल्लाला गोल जंत आईच्या पोटातूनच येतात, म्हणून इतकी घाई. दुकानातून गुरांचे औषध आणून अंदाजाने पाजू नये, लहान कुत्र्याला त्याचा डोस जिवावर बेततो. पार्व्हो, रेबीज आणि पावसाळ्यात घुशी-उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टो, या तिन्हींच्या लसी विचारून घ्याव्यात. मुलांसाठी अंगणवाडीत आणि शाळेत जंतनाशक दिन असतो. २०१५ पासून १ ते १९ वर्षांच्या मुलांना ही गोळी मोफत मिळते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नये. आणि कुत्र्याला सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नेताना रिकाम्या हाताने जाऊ नये, सकाळचे ताजे शौच झाकणाच्या डबीत घेऊन जावे. सूक्ष्मदर्शकाखाली अंडी पाहिली की कोणते जंत आहेत ते समजते, आणि नेमके औषध मिळते.