जुन्या घराची दुरुस्ती : आधी पाणी, मग रंग

रत्नागिरी आणि रायगडच्या खाडीकाठच्या गावांत आजही अनेक मुस्लिम कुटुंबांची जुनी चिऱ्याची, कौलारू घरं उभी आहेत. घरातली कर्ती माणसं मुंबईला, नाहीतर कुवेत, दुबई, कतारला. वर्षभर कुलूप, आणि मे महिन्याची सुट्टी लागली किंवा घरात निकाह ठरला की दुरुस्तीची एकच गडबड. मजुरी महागली आहे, मिस्त्री वेळेवर मिळत नाही आणि मोबाईलवर व्हिडिओ पाहिले की वाटतं, हे तर आपणही करू शकतो. काही कामं खरंच आपली आपण करता येतात. पण जुनं घर नव्या फ्लॅटसारखं नसतं. कोणतं काम आधी आणि कशाला हात लावायचा नाही, हे ठरवल्याशिवाय सुरुवात केली तर पैसा जातो आणि घरही कमजोर होतं.

भिंतीला ओल का येते?

जांभा दगड, म्हणजे आपला चिरा, सच्छिद्र असतो. जमिनीतलं पाणी तो दिव्याच्या वातीसारखा वर ओढतो. जुन्या मिस्त्रींनी चिरे मातीत किंवा चुन्यात बांधले आणि वरून चुन्याचा गिलावा केला. चुन्यातून ही ओल हळूहळू बाहेर पडते आणि भिंत सुकते. आपण याच भिंतीवर सिमेंटचा गिलावा, पुट्टी आणि वर ऑइलपेंट लावला की बाहेर पडायची वाट बंद होते. पाणी आत कोंडतं आणि भिंतीत आणखी वर चढतं. त्यातले क्षार पृष्ठभागावर येऊन लोणा लागतो, रंगाचे पापुद्रे सुटतात. मग आपण म्हणतो, ‘रंग खराब निघाला.’ रंगाचा दोष नसतो, कोंडलेल्या पाण्याचा असतो.

म्हणून भिंतीला हात लावण्याआधी घराभोवती एक फेरी मारा. अंगणातली माती वर्षानुवर्षं साचून जोत्याच्या वर आली आहे का? पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतं का? मोरीचं पाणी कुठे जातं? बाहेरची माती खणून आतल्या जमिनीपेक्षा खाली नेणं, घरापासून लांब उतार देणं, पन्हळ लावणं, गटार मोकळं करणं ही कामं घरच्या घरी होतात. खर्च थोडा, पण फायदा सर्वांत मोठा.

गिलावा कुठे सुटला असेल तर आधी जुना मसाला तपासा. खिळ्याने खरवडल्यावर भुसभुशीत पांढरी पूड पडली तर तो बहुधा चुना आहे. तिथे चुन्यानेच डागडुजी करा. एक भाग विझवलेला चुना, तीन भाग धुतलेली वाळू. भिंत ओली करून पातळ थर द्या आणि काही दिवस पाणी मारत राहा. चुन्याला सिमेंटसारखी घाई चालत नाही. कळीचा चुना मात्र घरी विझवू नका. पाणी पडताच तो उकळतो, आणि डोळ्यात उडाला तर नजर जाऊ शकते. विझवलेलाच आणा, हातमोजे आणि चष्मा घाला. वरून चुन्याची सफेदी केली की भिंतीतली ओल बाहेर पडत राहते.

छप्पर : जूनच्या आधी

मंगळूरला बासेल मिशनने १८६५ साली कौलांचा कारखाना काढला. पुढे अनेक कारखाने निघाले आणि प्रत्येकाच्या कौलाची खाच थोडी वेगळी. म्हणून फुटकी कौलं बदलायची असतील तर जुनं एक कौल सोबत घेऊन दुकानात जा. खाच बसली नाही तर पाणी आत येणारच.

भर उन्हात माळ्यावर जाऊन वर पाहा. जिथून उजेडाचा ठिपका दिसतो, तिथे खडूने खूण करा. वासे जिथे भिंतीत शिरतात ती टोकं स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड कुजलं आहे. मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे. एखाद-दुसरं कौल खालून, माळ्यावरून सरकवून बदलता येतं. वर चढून कौलांवर पाय देऊ नका, तिथे सवयीचा माणूसच हवा. वासे आणि आढं बदलायचं काम सुताराचं.

कौलं काढून पत्रे घालणारे अनेक जण आहेत. पत्रा हलका असतो, त्यामुळे वाऱ्याने उचलला जातो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा छपरं कशी उडाली ते श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीकडच्या लोकांनी पाहिलं आहे. पत्रे घालायचे तर खालच्या सांगाड्यासकट घट्ट बांधलेले हवेत. जुने सिमेंटचे पत्रे बहुतेक वेळा अ‍ॅस्बेस्टॉसचे असतात. ते फोडू, कापू, घासू नका. त्यांची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

जुना रंग खरवडताना

घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त नको, हा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या दारं-खिडक्यांवरच्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. असा रंग कोरडा घासू नका, जाळूनही काढू नका. पाणी मारून ओल्या पॉलिशपेपरने घासा, मास्क लावा, पडलेला चुरा ओल्या फडक्याने टिपून घ्या. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या खोलीत नकोत.

इथे हात घालू नका

पहिलं, वीज. लाकडी पट्टीवरची जुनी वायर, दोन पिनांचे सॉकेट आणि अर्थिंगचा पत्ता नाही, अशा घरात गीझर, पंप, एसी जोडणं म्हणजे जीवाशी खेळ. परवानाधारक वायरमनकडून अर्थिंग आणि ३० मिलिअ‍ॅम्पियरचा आरसीसीबी बसवून घ्या. अंगातून करंट जाऊ लागला की तो क्षणात पुरवठा तोडतो. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून पाहायचं, एवढं काम आपलं.

दुसरं, जाड भिंती. ओटी आणि माजघर एक करून मोठा हॉल करायचा मोह होतो. पण मधल्या भिंतीवर बहुधा छपराचा भार असतो. ती पाडणं किंवा मातीत बांधलेल्या भिंतींवर थेट स्लॅब टाकणं, याचा निर्णय इंजिनिअरने प्रत्यक्ष घर पाहूनच द्यावा. ‘शेजाऱ्यांनी केलं, काही झालं नाही’ हा पुरावा नव्हे.

तिसरं, कागद. मोठा बदल करायचा असेल तर ग्रामपंचायतीची परवानगी लागते. नमुना ८ च्या उताऱ्यावर घर कोणाच्या नावावर आहे ते आधी पाहा. दादांच्या नावावरच्या घरात फुफी, बहिणी, चुलत भावंडं यांचाही हक्क असू शकतो. खर्च एकाने करायचा आणि पुढे वाद सगळ्यांनी घालायचा, असं अनेक घरांत झालं आहे. काय करणार, किती खर्च, कोण देणार, हे लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. वारसांतलं कोणी परदेशात असेल तर त्यांची लेखी संमती मागवा.

महिन्याभराच्या सुट्टीचा हिशोब

पहिला आठवडा फक्त पाहणी आणि पाण्याच्या वाटा. दुसरा छप्पर आणि लाकूड. तिसरा वीज, आणि भिंती फोडायच्या असतील तर त्याच वेळी. चौथा गिलावा आणि, भिंत सुकली असेल तरच, सफेदी. ओल्या भिंतीवर निकाहाची तारीख गाठायला घाईने मारलेला रंग पुढच्या पावसाळ्यात गळून पडतो. अशा वेळी दर्शनी भिंतीवर साधी सफेदी करा, बाकीचं पुढच्या सुट्टीवर ठेवा.

वायर आणि पाइप कुठून गेले त्याचे फोटो भिंत बंद करण्याआधी काढून घरच्या ग्रुपवर टाका. पुढच्या वर्षी भिंतीत खिळा ठोकणारा बहुधा दुसराच कोणी असेल.