नावं लिहून ठेवा

माझा मामा जुन्नरचा बोर्ड पेंटर. आठवडाभर दुकानांच्या पाट्या रंगवायचा. सूत मारून रेघ आखायची, खडूनं अक्षरं उतरवायची आणि मग चपट्या ब्रशनं ऑइल पेंट भरायचा. रविवार उजाडला की पाठीवर सॅक, आत चित्रांची वही आणि ठेचा-भाकरी. कधी चावंड, कधी हडसर, पण सगळ्यांत लाडका किल्ला जीवधन. तिथला वानरलिंगी सुळका त्याच्या वह्यांत किती वेळा सापडतो, याची गणतीच नाही.

नववीत असताना तो मला नाणेघाटात घेऊन गेला. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांच्या काळातलं लेणं आहे. भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीचा ब्राह्मी लेख. राणी नागनिकेच्या या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, कार्षापण नाण्यांची नोंद आहे, तीही आकड्यांसकट. मामा अक्षरांवरून हवेतच बोट फिरवत म्हणाला, "हा कोरणारा आपल्याच धंद्यातला गं. पण चुकलं तर पुसायची सोय नव्हती त्याला."

मग त्यानं मागची भिंत दाखवली. तिथं एके काळी सिमुक, सातकर्णी, नागनिका यांच्या मूर्ती होत्या. मूर्ती नाहीशा झाल्या, वर कोरलेली नावं तेवढी उरली. "माणसं दगडात कोरली तरी टिकली नाहीत बघ," मामा म्हणाला. "नावं लिहिली म्हणून कळतंय तरी, कोण होते ते."

मामा गेला, त्याला तीन वर्षं झाली. दिवस झाल्यावर मामीनं ट्रंक उघडली. चौदा वह्या निघाल्या. प्रत्येक चित्राखाली ठिकाण आणि तारीख, त्याच्या त्या सुबक अक्षरात. बिस्किटांच्या डब्यातल्या फोटोंमागे मात्र काहीच नाही. एका फोटोत जीवधनच्या माथ्यावर पाच जण हसताहेत. आम्ही मामाला ओळखलं, मामीनं दोघांना. चौथ्याचं नाव मामाच्या जुन्या सोबत्यानं सांगितलं. पाचवा कोण, ते सांगणारं आता कुणी नाही.

त्यानंतर आम्ही कामाला लागलो. सोबत्यांना घरी बोलावलं, वह्या पुढ्यात ठेवल्या आणि त्यांच्या आठवणी मोबाइलवर रेकॉर्ड केल्या. चित्र समोर आलं की माणूस आपोआप बोलता होतो. फोटोंमागे मऊ पेन्सिलीनं, न दाबता नावं लिहिली. बॉलपेननं पुढच्या बाजूला वळ उठतो. फाटक्या पानांना चिकटपट्टी लावली नाही, कारण ती पिवळी पडते आणि कागदावर कायमचा डाग सोडते. लॅमिनेशनही टाळलं, ते पुन्हा सोडवता येत नाही. प्रत्येक पानाचा दिवसाउजेडी, फ्लॅश न वापरता फोटो काढला. पावसाळ्यात वह्या ओल धरणाऱ्या भिंतीपासून लांब, वरच्या फळीवर ठेवतो.

तुमच्याही घरात असा एखादा डबा असेल. तो आजच काढा, घरातल्या सगळ्यांत थोरल्या माणसाशेजारी बसा आणि एकेक नाव विचारून लिहून ठेवा.